कव्हराखालची केबल

आधीच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे, आणि बहुतेक वेळा हसत वाचते. मी नेटवर्कचं काम करते. रोज कुणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, अपने आप हो गया." अपने आप काहीही होत नसतं. कुणीतरी वायर ओढलेली असते आणि ते कबूल करायचं नसतं. त्यामुळे बंद खोलीतून आवाज आला वगैरे वाचलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो... खिडकीची कडी लावली होती का? असो. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तेव्हा खुशाल हसून घ्या.

मी भोपाळला असते. घर आणि ऑफिस दोन्ही साकेत नगरमध्ये. बाबा टी. टी. नगरजवळ आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. सरकारी खात्यातून इंजिनीअर म्हणून रिटायर झाले. माझ्याकडे राहायला या म्हटलं की, "तुझ्याकडे सकाळचा पेपर उशिरा येतो," असलं काहीतरी कारण सांगतात. आई गेल्यावर मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

अलीकडे त्यांची फुफ्फुसं कडक होत चालली आहेत. ऑक्सिजनचं मशीन झोपताना लागतंच, दुपारीसुद्धा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की झोपेत मशीन बंद पडलं आणि कळलं नाही, तर हा माणूस जाऊ शकतो. आणि बाबांना कळणार कसं? मशीन बंद पडताना शिट्टी मारतं, पण बाबा झोपताना कानाचं यंत्र काढून ठेवतात. कामवाल्या बाई दुपारच्या आत जातात.

आई होती तोवर हा प्रश्नच नव्हता. वीज गेली की तिचा मला ऑफिसात फोन यायचा. "लाईन गेली गं." बस, एवढंच. मी साकेत नगरात बसून काय करणार होते? पण मला सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मी चिडायचे देखील.

तर मी मशीनसाठी एक दणकट यूपीएस घेतला. बाबा दिसेल त्या लिंकवर क्लिक करतात म्हणून त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर मी लिनक्सची फायरवॉल आधीच बसवलेली होती, म्हणजे घरातलं सगळं इंटरनेट त्या डब्यातून गाळून जातं. तो डबा आणि राउटरही मी यूपीएसवरच घेतले. या फायरवॉलला यूपीएसवर लक्ष ठेवणारं एक अ‍ॅड-ऑन मिळतं. यूपीएसपासून फायरवॉलपर्यंत एक केबल जोडायची. वीज गेली की यूपीएस फायरवॉलला सांगतो आणि फायरवॉल माझ्या फोनवर मेसेज टाकते. सोपं काम. फक्त यूपीएसच्या खोक्यात केबल नव्हती. ती मी मागवली, बाबांच्या पत्त्यावर. आली त्या दिवशी ऑफिसात ऑडिट चालू होतं, मला हलता येईना. फोनवर बाबांना समजावलं — चपटं तोंड कॉम्प्युटरला, चौकोनी तोंड यूपीएसच्या पाठीमागे. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, लावली म्हणून.

ऑफिसात बसूनच मी अ‍ॅड-ऑन इन्स्टॉल केलं. छान झालं. सर्व्हिस सुरू केली आणि लगेच पहिला मेसेज... 'यूपीएसशी संपर्क नाही.' कॉन्फिगरेशन फाइल पुन्हा तपासली. ड्रायव्हर बदलला. अ‍ॅड-ऑन काढून परत टाकलं. परत तेच. फायरवॉलला त्या पोर्टवर कुठलंच यंत्र दिसत नव्हतं. यूपीएस सोडा, काहीच नाही. तसा मेसेज तासातासाला यायला लागला, आणि माझं डोकं फिरायला लागलं.

बाबांना परत विचारलं, दोन्ही टोकं नीट बसली आहेत ना? "बसली आहेत म्हटलं ना. मी आयुष्यभर साइटवर काय गोट्या खेळलो का?" त्यांचा आवाज चढला. मग मी विषय सोडला. जुना डेस्कटॉप आहे, पोर्टच मेलं असेल, रविवारी जाऊन बघू, असं ठरवलं. दुसऱ्या कुणाला मी दहा वेळा विचारलं असतं, फोटो पाठवा म्हटलं असतं. बाबांना तिसऱ्यांदा नाही विचारता येत.

रविवार यायच्या आधीच एका दुपारी, जेवणाचा डबा उघडते न उघडते तोच फोन वाजला. म्हटलं आला परत तोच रडका मेसेज. बघते तर — 'वीज गेली. यूपीएस बॅटरीवर.'

खरं सांगते, मला काळजी नाही वाटली. मला आनंद झाला! चाललं की! शेजारच्या टेबलावरच्या शुक्लाजींना मी फोन दाखवला. फायरवॉलचं पेज उघडलं तर तिथे अजून लाल अक्षरात 'संपर्क नाही' असंच होतं. पेज जुनं दाखवत असेल म्हणून मी सोडून दिलं. बाबांना फोन लावला, तुमची केबल चालली हे सांगायला. त्यांनी उचलला नाही. झोपले असतील. परत लावला. मग मेसेजमध्ये काय लिहिलंय ते माझ्या टाळक्यात शिरलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींना फोन केला. त्या नेमक्या न्यू मार्केटला होत्या, म्हणाल्या, आमच्याकडे तर लाइट आहे, आत्ता मुलाशी बोलले. मी स्कूटी काढली. बोर्ड ऑफिसच्या चौकातला सिग्नल मी तोडला, आयुष्यात पहिल्यांदा. जिन्यात सगळीकडे दिवे होते. दार माझ्या किल्लीने उघडलं तर आत पंखे बंद. फक्त आमच्या फ्लॅटचा मेन स्विच पडला होता.

यूपीएस तोवर संपला होता. मशीन गप्प होतं. बाबा पलंगावर घामाने भिजलेले, ओठ निळसर, मी हलवलं तर डोळे उघडून दुसरीकडेच बघत होते. अडीअडचणीला म्हणून कोपऱ्यात ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मी उघडला, मास्क लावला आणि त्यांचा हात धरून बसले. किती वेळ ते मला माहीत नाही. मी रडत होते एवढं आठवतं. मग हळूहळू ओठांचा रंग बदलला आणि बाबा म्हणाले, "तू आज ऑफिसला नाही गेलीस?"

डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर बोलण्यासारखं काही राहिलं नसतं. इलेक्ट्रिशियनने येऊन स्विच बदलला. जुना होता, गरम होऊन पडत होता. इथपर्यंत सगळ्याला कारण आहे.

संध्याकाळी बाबा चहा घेत बसले होते, आणि मी सहज म्हणून हॉलमधल्या टेबलाखाली वाकले. माझ्या आईला प्रत्येक वस्तूला कव्हर घालायची सवय होती. मिक्सरला, रिमोटला, फोनच्या चार्जरलासुद्धा. पडदे शिवून उरलेल्या तपकिरी कापडाची, पिवळ्या फुलांची कव्हरं. यूपीएस तिच्या नंतर आला, पण बाबांनी त्यालाही तिचंच, जुन्या मॉनिटरचं कव्हर चढवलं होतं. हवा लागते म्हटलं तरी ऐकलं नाही. टेबलाखाली तशी दोन खोकी शेजारी शेजारी. सारखी फुलं, साधारण सारखा आकार.

फायरवॉलमधून निघालेली केबल दुसऱ्या खोक्याच्या कव्हरात शिरत होती. मी कव्हर उचललं. तो यूपीएस नव्हता. आईचा प्रिंटर होता. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची बोलावणी ती त्यावर छापायची. ती गेल्यापासून तो बंदच आहे, विजेची पिनसुद्धा काढून ठेवलेली. प्रिंटरच्या पाठीलाही चौकोनी तोंडच असतं. बाबांनी कव्हर न काढता, चाचपून, तिथे लावली होती.

यूपीएसच्या मागचं भोक मी टॉर्चने पाहिलं. त्याच्यावरचं प्लास्टिकचं झाकण कंपनीतून आलं तसंच होतं.

तुम्ही म्हणाल, फायरवॉलची नोंद बघ. बघितली ना! त्या दुपारच्या नोंदीत फक्त 'संपर्क नाही' आहे, आणि मग बॅटरी संपल्यावर सगळंच बंद. 'वीज गेली' असा मेसेज फायरवॉलने पाठवल्याची नोंदच नाही. माझ्या फोनमध्ये मात्र तो आहे, आमच्या फायरवॉलच्याच पत्त्यावरून आलेला. नंतर मी केबल तशीच ठेवून मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला. काही आलं नाही. परत पाडला. नाही. ड्रायव्हरची चूक म्हणावं, तर चुकून आलेला मेसेज नेमका खऱ्या वेळी कसा येतो? शुक्लाजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आ गया ना? बस." हे त्यांचं नेहमीचंच, सर्व्हर चालू असला की हात लावू नये. मावशी म्हणते, आईनेच सांगितलं. मी असं म्हणत नाही. आईला यूपीएस म्हणजे काय हेही माहीत नव्हतं... तिला फक्त लाईन गेली एवढं कळायचं.

चालत नाही त्याचं कारण शोधायचा मला पगार मिळतो. जे चालायलाच नको होतं ते का चाललं, हे कसं शोधतात ते मला कुणी शिकवलेलं नाही.

यूपीएसला मी दुसऱ्या दिवशी नवी केबल जोडली, दुसऱ्या पोर्टवरून. आता व्यवस्थित मेसेज येतात, नोंदीही होतात. प्रिंटरची केबल काढायला गेले आणि हात मागे घेतला. ती तशीच आहे, कव्हराखाली.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते येईल त्याला ऐकवतात की पोरगी दोनदोनदा विचारत होती, लावली का, नीट लावली का. परवा आंटींसमोर माझ्याकडे वळून म्हणाले, "मी केबल नीट लावली होती म्हणून आज बसलोय इथे. खरं की नाही?"

"हो बाबा," मी म्हटलं. "नीटच लावली होती."