आईची रोजची विचारपूस

नववीत शाळा सुटली, तरी अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा वसईच्या कचेरीबाहेर आजही कोणी नाही. त्रास पहिल्याच ओळीत स्पष्ट मांडावा, एरवी दाद मिळत नाही, हे मी समोर बसणाऱ्या प्रत्येकाला बजावतो. माझ्या आईने मात्र ते कधी मानले नाही.

हाडांत पसरलेल्या कर्करोगामुळे ती चांदीप गावी आमच्या घरी अंथरुणाला खिळली होती. शुश्रूषा केंद्राची सिस्टर एक दिवसाआड येई. पुढे केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेची व्यवस्था आणली. रोज सकाळी माझ्या मोबाइलवर एका मुलीचा गोड आवाज आईची विचारपूस करी, आणि त्या उत्तरांवरून सिस्टरने आधी कोणाकडे जायचे ते ठरे.

"आज दुखणे कसे आहे?"

"बरा हाय, बाय. तू जेवलीस का?"

त्यावर तो आवाज हसे. फोन बंद होताच आई उशीचा कोपरा दातांत धरी. केंद्राच्या लेखी ती बरी होती; सिस्टर आठवडा आठवडा फिरकेना, आणि तिच्यावाचून औषधाची मात्रा वाढेना. मी मध्येच दुखण्याचे सविस्तर निवेदन केले, तर "कृपया रुग्णाने स्वतः उत्तर द्यावे," असे मलाच ऐकवण्यात आले. केंद्रात समक्ष गेलो, तर नोंदीत दुखणे नाही, म्हणाले.

"आई, खरे सांग ना तिला!"

"सकालच्या पारी तिच्यापाशी रडगानी गाऊ? ती पन कुनाची पोर हाय. तुला रडगान्याचे पैसे भेटतात, म्हनून तुला रडगानी गोड."

अखेर मी म्हणालो, "ती मुलगी नाही, आई. यंत्र आहे. त्याला वाईट वाटत नाही."

आईने मोबाइलकडे मान वळवली. "मंग हसायची ती?"

"तेही यंत्रच."

दुसऱ्या सकाळी तोच प्रश्न आला. "दुखता," आई म्हणाली. "लय दुखता. कंबर, मांड्या, सगला." जेवलीस का, हे तिने विचारले नाही.

दुपारीच सिस्टर आली. डॉक्टरांना विचारून तिने मात्रा वाढवली, आईला कुशीवर वळवून पाठ पुसली. संध्याकाळी आई कितीतरी दिवसांनी न कण्हता पडून होती. दाद मिळाल्याचे समाधान मी अनुभवीत होतो, तोच तिने मला जवळ बोलावले.

"ही आल्ती, ती तरी मानूस हाय ना रे?"

"आहे," मी म्हणालो.

दिवाळीआधी आई गेली. वेदना फारशा नव्हत्या. पण तोवर सिस्टर पाठ पुसत असतानाही, विचारल्यावाचून आई तिच्याशी कधी बोलली नाही.