मेड्युसाचा गुन्हा काय?

सहावीच्या मुलांना ग्रीक पुराण शिकवायची कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा माझ्यासमोर आणा. मुलीला शाळेत मेड्युसा व्हायचं होतं, म्हणून रविवारची अख्खी दुपार मी तिच्या हेअरबँडवर रबरी साप चिकटवत होते, आणि कोण कोणाचा कोण याचा मला पत्ता लागत नव्हता. मुख्य देवाने सख्ख्या बहिणीशीच लग्न केलेलं, बैलाच्या डोक्याचा माणूस भुयारात कोंडलेला, आणि कमरेखाली घोडा असलेला एक जण म्हणे उत्तम शिक्षक! डोक्याचा पार भुगा झाला.

त्यात लेक आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हती. तिची स्कूलबस मी बंद केली होती. मागच्या सीटवरचा आठवीतला एक मुलगा रोज तिची वेणी ओढायचा, केसांना तेल लावते म्हणून घाणेरडं बोलायचा. मी म्हटलं, जाऊ दे, उद्यापासून मीच सोडते. शाळेत तक्रार? नको बाई. आपण इथे परदेशात व्हिसावरची माणसं, उगाच लफडं कशाला! नवराही म्हणाला, बरं केलंस. पण बसमध्ये तिची जिवाभावाची मैत्रीण होती. तिच्याशेजारची जागा गेली, म्हणून लेक कारमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची. मला पुन्हा बसने जायचंय, एवढं एकच वाक्य रोज ऐकवायची.

"या मेड्युसाने नेमकं काय केलं होतं गं?" सापाला गोंद लावत मी विचारलं.

"नथिंग. समुद्राच्या देवाने तिला टेम्पलमध्ये त्रास दिला. मग टेम्पलची गॉडेस चिडली आणि तिने मेड्युसाच्याच केसांचे स्नेक्स केले."

"आणि त्या देवाला काय केलं?"

"नथिंग."

आता घ्या! चिडायचं तर त्याच्यावर चिड ना बये. पण मी गप्प बसेन तर शपथ. आपल्याकडचं काहीतरी सांगायची संधी कोणती मराठी आई सोडते? "अगं, आपल्याकडे अशीच अहल्या आहे," मी म्हटलं. इंद्र तिच्या नवऱ्याचं सोंग घेऊन आला, त्याने तिला फसवलं, आणि नवऱ्याने शाप देऊन तिचाच दगड केला.

"आणि इंद्र?"

"त्यालाही मिळाला की शाप. अंगभर डोळे फुटले."

"पण अजून देवच आहे?"

"हो... म्हणजे, स्वर्गाचा राजा आहे."

ती हातातला साप पिळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सो, तो हेवनमध्ये, ती दगड. तो बसमध्ये, मी कारमध्ये."

"तसं नाही गं, मी तुझ्याच भल्यासाठी..." मी म्हणाले. मी तिला शिक्षा दिली होती? मी तर वाचवत होते ना? त्या देवीलाही असंच वाटलं असेल का? मला काही कळेना, आणि लाज मात्र मनापासून वाटली.

हात पुसून लॅपटॉप ओढला आणि शाळेला ईमेल लिहायला घेतला. 'सॉरी टु बॉदर यू' एवढं टाइप केलं. ती मागे येऊन उभी होती.

"आई, तू सॉरी का म्हणतेयस?"

मी ते खोडलं. मग सुरुवात कशाने करायची तेच सुचेना. शेवटी तिनेच लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि त्या मुलाचं नाव टाइप केलं.