पंप बघितला, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. खोलीतल्या सोबत्यांना नाही, गावी अम्मीला नाही. पण माझी पत्रकं वाचून तुम्ही मला सच्चा माणूस म्हणता — आणि ते मला ऐकवत नाही.

पत्रकांवरच तर मी वाढलो. अब्बा मुंबईला छापखान्यात होते. सुट्टीत रत्नागिरीला येताना रद्दीत निघालेली पत्रकं आणायचे, त्यांवर बोट ठेवून मी वाचायला शिकलो. 'अन्याय' हा शब्द मला स्वतःच्या नावाआधी लिहिता आला असेल. अशा मला मामूंनी, अम्मीच्या सख्ख्या भावाने, बोटीत घालून दुबईला आणलं. कंपनीच्या सर्वे कॅम्पवर ते जीप चालवत. मी त्यांचा मदतनीस.

मामू बुटके. मामीने शिवलेली कापसाची उशी सीटवर टाकल्याशिवाय त्यांना बॉनेटपलीकडचं दिसत नसे. कुणी हसलं की म्हणायचे, "हबीबी, सुलतान कधी उघड्या पत्र्यावर बसलेला पाहिलास?" आणि खरं सांगतो — खोल वाळूत ती जीप त्यांच्या हाताखाली होडीसारखी डुलत जायची.

वाळूत टायर फुगलेला असला तर गाडी रुतते. म्हणून वाळू लागली की उतरायचं, चारही टायरची हवा सोडायची, टायरचं पोट जमिनीवर पसरेपर्यंत. मग खालच्या गिअरमध्ये एका चालीने जायचं — ब्रेक नाही, स्टिअरिंगला झटका नाही. चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर पाय उचलायचा. हट्टाने रेस केलीत तर गाडी आणखी खाली जाते. आणि वाळू संपून दगड लागले की पायपंपाने हवा पुन्हा भरायची, नाहीतर सैल टायर फाटतो. म्हणजे सगळी भिस्त त्या पंपावर. त्याच्या आत चामड्याचा वॉशर असतो. इथल्या हवेत तो सुकतो, आकसतो. दर आठवड्याला उघडून त्याला तेल द्यावं लागतं. ते काम माझं होतं.

मी ते कित्येक आठवडे केलं नव्हतं. काय करत होतो? — पत्रकं लिहीत होतो. कामगारांच्या खोल्यांत पाणी नाही, त्याबद्दल. त्या सकाळी निघताना मामूंनी विचारलं, "पंप बघितलास ना रे?" मी मान वर न करता म्हणालो, "बघितला, मामू. झालं काम, खलास."

कॅम्पच्या साहेबांना घेऊन रास अल खैमाच्या बाजूला जायचं होतं. वाळू मामूंनी गाणं म्हणत पार केली. डोंगराखालचे दगड लागले, मी पंप लावला. पाय खाली-वर, खाली-वर — हवा काही जाईना. मामूंनी पंप उघडला. वॉशर सुक्या बोंबलासारखा कडक, मधोमध चिरलेला. त्यांनी तो बोटांवर फिरवून पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेबांना घाई होती. तसंच पुढे चला म्हणाले. पुढे गेलो आणि दोन टायर फाटले. दिवसभर गाडीच्या सावलीत बसून राहिलो. साहेबांना ऊन लागलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. मामू आपल्या वाटचं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतत होते. संध्याकाळी वाळवंटात राहणाऱ्या एका बदूच्या ट्रकने आम्हाला उचललं.

बरे झाल्यावर साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. पंप कोण बघतं? — हे सगळं सांगताना इतका वेळ मी या जागी यायचंच टाळत होतो. मामूंनी तोंड उघडायच्या आत मी बोललो. म्हणालो, "साहेब, निघण्याआधी पंप तपासणं ड्रायव्हरचं काम आहे."

नियमाप्रमाणे खरं होतं ते. अक्षरन् अक्षर खरं. शब्द कसे वापरायचे, हे मला येत होतं ना!

मामू म्हणाले, "हां साहेब. मेरा ही काम था." त्यांना गाडीवरून काढून डिझेलच्या गोदामात बसवलं. येत्या शनिवारपासून जीप माझ्याकडे, असं ठरलं.

मधल्या दिवसांत मला खोल वाळू शिकवली ती मामूंनीच. उशीवर तेच, बाजूला मी; माझा हात गिअरवर, त्यांचा माझ्या हातावर. "रुतलास तर घाबरू नको. उतर, चाकांपुढची वाळू हाताने काढ, आपल्याच चाकोरीतून मागे घे. यल्ला, चल, परत कर." मी वाट पाहत होतो — एक शिवी द्यावी, कानाखाली एक द्यावी. का दिली नाही त्यांनी?

आणि शुक्रवारी — हे सांगायला त्याहून जड जातंय — नमाजनंतर खोल्यांमागच्या सावलीत मी नवं पत्रक वाचलं. विषय मामूंचाच. प्रामाणिक ड्रायव्हरचा साहेबाने कसा अपमान केला, दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा कष्टकऱ्याने का भोगायची! दुसऱ्याच्या चुकीची — हे मी लिहिलं होतं, मीच आवाज चढवून वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे बसलेल्या मामूंनीही वाजवल्या. मग उठून आले, मातीच्या कुजातलं गार पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे धरलं. "छान लिहितोस रे. घसा कोरडा पडला बघ तुझा. पी."

मी प्यायलो.

त्याला आता वर्षं झाली. मामू गोदामातूनच गावी परतले. पुन्हा जीपच्या स्टिअरिंगला त्यांचा हात लागला नाही.

त्या शनिवारी सकाळी मी गाडीत चढलो. उशी सीटवर तशीच होती, मधोमध त्यांच्या बसण्याचा खळगा. मी उंच आहे. तिच्यावर बसलो तर डोकं वरच्या ताडपत्रीला लागतं. मी ती उचलून मागे टाकली आणि किल्ली फिरवली.