पंख्याखालचं ध्यान

डोळे मिटून आजूबाजूला लक्ष देता येतं, असं तुम्हाला कोणत्या शहाण्याने सांगितलं? एका ऑफिसात ध्यानगुरूने सांगितलं आणि साहेबासकट सगळे डोळे मिटून बसले. गुरुजी नेमके पंख्याखाली. अकरा वर्षं तिथला केर काढणाऱ्या मावशीला पंख्याची कुरकुर आज वेगळी वाटली. तिने वर पाहिलं, तर दांडा तिरका झालेला.

"गुरुजी, उठा!"

"मावशी, मन इथे आणा."

"मन इथेच आहे हो, पंखा तुमच्या टाळक्यात पडतोय!" तिने दंड धरून त्यांना ओढलं आणि पंखा धाडकन फरशीवर आदळला.

साहेबाने डोळे उघडले. "मावशी, आधी हा कचरा उचला."

तुमच्याकडची मावशी काही सांगेल, तेव्हा डोळे उघडा आणि आधी तिचं ऐका.