एकदाच, टेबलावर बसून

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी कमलकडे जायला निघाले होते. साडी नेसून झाली होती, पर्समध्ये चष्मा टाकला होता आणि काय बोलायचं ते तिसऱ्यांदा मनात घोकत होते. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली मी, पण त्या दिवशी पहिलं वाक्यच जमत नव्हतं. तेवढ्यात छायाचा फोन आला. "बाई, सिस्टर गेल्या," ती म्हणाली. "पहाटे. झोपेतच." यावर मी काय बोलावं? मी म्हणाले, "अगं, पण आज गुरुवार आहे ना?"  छाया म्हणाली, "हो बाई. तुम्ही येणार होतात आज." या गोष्टीला आता सात आठवडे झाले. तो गुरुवार कशासाठी ठरला होता हे सांगितल्याशिवाय मला कमलबद्दल लिहिता येणार नाही, आणि ते सांगण्यात माझी शोभा नाही. पण तिच्यावर गोडगोड लेख लिहिला असता तर तिनंच तो घडी करून परत दिला असता.

कमल गायकवाड एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर होती. माझ्या यजमानांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा आमची ओळख झाली. मी दर तासाला यांच्या तोंडात काहीतरी कोंबत होते. ती आली, माझ्या हातातली वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "पेशंटला भूक आहे का, ते पेशंटला विचारायचं असतं." मला असं बोलणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं, शाळेत मीच तसं बोलायची. मैत्री तिथंच झाली. तिचं बालपण येरवड्यात गेलेलं, तुरुंगाच्या भिंतीपासून दहा मिनिटांवर. सुटून आलेली माणसं पिशवी घेऊन बसथांब्यावर उभी असायची, ते ती शाळेत जाता-येता बघायची. "बस यायच्या, जायच्या," ती सांगायची, "आणि माणूस तिथंच. कुठल्या बसमध्ये चढायचं ते त्याला ठरवता यायचं नाही." एवढं सांगून ती दुसऱ्या विषयाकडे वळायची. भावनेच्या भरात बोलणं तिला जमायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी बोललं तर ती घड्याळाकडे बघायची.

निवृत्त झाल्यावर तिनं कर्वेनगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ब्यूरो सुरू केला. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी शुश्रूषेसाठी माणसं पाठवायची. त्यात कोर्स केलेल्या मुली होत्या, तशीच शिक्षा भोगून आलेली माणसंही होती. ओळखीच्या सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. तिचं म्हणणं सरळ होतं. अर्जावर पहिलाच प्रश्न गुन्ह्याचा असेल तर पुढचा अर्ज कुणी वाचत नाही, म्हणून तो प्रश्न ती शेवटी विचारायची. पण विचारायची नक्की, आणि खोलात जाऊन विचारायची. काय केलं, कुणाला केलं, त्याला किती वर्षं झाली, मधल्या काळात काय करत होतात... स्वतःच्या बापाला मारहाण केलेला एकजण आला होता, कामात हुशार. त्याला तिनं कधी कुणाच्या घरी पाठवलं नाही. एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात चिकटवून दिलं आणि का, ते त्याच्या तोंडावर सांगितलं. "मी काही साधू नाही," ती मला म्हणाली. "कुणाला कुठल्या खाटेजवळ उभं करायचं, एवढंच मला कळतं."

तिच्या कामाची सगळी इभ्रत एका टेबलावर होती. माणूस निवडून झाला की ज्या घरी जायचं त्या घरच्यांना ती ब्यूरोत बोलवायची. एका बाजूला घरचे, समोर काम करणारा, आणि आडव्या बाजूला कमल. आपण काय केलं ते त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं एकदाच सांगायचं. घरच्यांनी हवं ते विचारायचं. मग हो किंवा नाही. हो म्हटलं तर तो विषय पुन्हा कधी काढायचा नाही. नाही म्हटलं तर कारण द्यायची गरज नाही, सगळ्यांनी चहा प्यायचा आणि उठायचं. दोन्हींत एक अट सारखी होती. टेबलावरचं टेबलावर राहील. ब्यूरोची पत्रं मी लिहायची, फोन मी करायची, त्यामुळे ही अट मी कितीतरी कुटुंबांना समजावून सांगितली असेल. ज्येष्ठ नागरिक संघात मी या कामाबद्दल बोलायची तेव्हा माझा आवाज जरा वर चढायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग माझी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, वय ऐंशीच्या पुढचं, अंथरूण सुटणार नाही हे डॉक्टरांनी सांगून टाकलं. कमलनं लगेच छायाचं नाव काढलं. छाया आमच्याच सोसायटीत, सी विंगमधल्या देसाई आजींकडे सकाळचं काम करत होती, दुपारनंतर मोकळी होती. तुरुंगात तिनं म्हाताऱ्या कैदी बायकांचं सगळं केलं होतं. "हा अनुभव कुठल्या कोर्समध्ये मिळतो?" कमल म्हणाली. पहिल्यांदाच मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. छाया मान खाली घालून बसेल असं वाटलं होतं, पण ती माझ्याकडे बघून बोलली. "माझी भावजय घरात जळून मेली," ती म्हणाली. "आत आई आणि भाऊ होते. मी स्वयंपाकघरात चपात्या लाटत होते. ती मला हाका मारत होती, माझं नाव घेऊन. मी उठले नाही. मला सात वर्षं झाली. मला फुकट अडकवलं असं मी म्हणत नाही. मी उठले नाही."

चहा आला. तो प्यायला मला जड गेलं. माझ्या डोळ्यांपुढे आई होती, दिवसातून पन्नास वेळा हाका मारणारी. जी एकदा हाकेला उठली नाही तिच्या भरवशावर... मला जमेना. नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. त्यासाठीच तर ते टेबल होतं. पण कमलसमोर, जिच्या कामाचा मी गावभर डंका पिटला होता तिच्यासमोर, माझ्या तोंडून 'नाही' निघेना. कळवते म्हणाले आणि दोन दिवसांनी फोनवर सांगितलं की खराडीच्या भावानं दुसऱ्या एजन्सीची बाई आधीच ठरवली आहे. कमल 'बरं' म्हणाली. आणि त्याच आठवड्यात जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. आईसाठी ती सी विंगमधली छाया का नाही ठेवलीत, किती छान काम करते, असं म्हणाल्या. मी सांगून टाकलं. जिन्यात उभी राहून, भाजीची पिशवी हातात घेऊन, सगळं सांगून टाकलं. वर "कुणाला सांगू नका हं" असंही म्हणाले.

पुढचं सांगायला नको. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. देसाईंना सगळं आधीपासून माहीत होतं, त्यांनी टेबलावर हो म्हटलं होतं, पण चार लोकांपुढे त्यांचाही धीर सुटला. सोमवारी वॉचमननं छायाला गेटवरच थांबवलं. वर जाऊ दिलं नाही.

कमल दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. बसली नाही. मी सारवासारव करायला लागले, आईची काळजी, घरातल्या सगळ्यांचं मत, वगैरे. तिनं ऐकून घेतलं. "आमच्या घरी पाणी न पिणाऱ्यांकडेही कारणं असायची, विजू," ती म्हणाली. "सगळी काळजीपोटीच. तू नाही म्हणाली असतीस तर मी तुझ्याबरोबर चहा प्यायले असते. माझ्या टेबलावर ऐकलेलं तू जिन्यात सांगितलंस." तिचा आवाज वर गेला नाही. जाताना म्हणाली, "उद्यापासून पत्रं माझी मी लिहीन." मी रागावले. हो, मीच रागावले. इतक्या वर्षांची मैत्री, आणि एका चुकीसाठी इतकं? माणसाला एका चुकीवरून मोजू नये हे तर तिचंच तत्त्व होतं ना! हा युक्तिवाद मी कितीतरी दिवस मनात घोळवला आणि मला तो बिनतोड वाटायचा. छायानं आपली चूक दर वेळी समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगितली होती आणि मी माझी चूक खराडीच्या भावावर ढकलली होती, एवढा फरक लक्षात यायला मला वर्ष लागलं.

त्या वर्षात आई गेली. कमल आली, आईच्या पायांवर डोकं ठेवलं, माझ्याशी एक शब्द न बोलता दोन तास बसून राहिली आणि निघून गेली. मग कळलं की तिची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. मी गेले. दार छायानंच उघडलं. कमलनं लग्न केलं नव्हतं. छाया तिच्याकडेच राहून तिचं सगळं करत होती. मला बघून कमल म्हणाली, "आलीस? बरं झालं. पत्रं साठलीत." तेवढ्यावर माझं काम पुन्हा सुरू झालं. दर गुरुवारी जायचे. तिचं अक्षर तोवर फार बिघडलं होतं आणि अंगात काही उरलं नव्हतं, पण पत्रात एखादा शब्द जास्त झाला तर तो तिला खपत नसे. आतल्या खोलीतून तिनं 'छा' म्हटलं की स्वयंपाकघरातून छाया येऊन उभी असायची. हातातलं पीठ तसंच. "हाक पुरी होऊ देत नाही बघ ही," कमल एकदा म्हणाली. मी मान खाली घातली. मग तिनं जिन्याचा विषय काढला, दीड वर्षात पहिल्यांदा. "तुला ते तिला सांगायचं आहे, माहीत आहे ना? मी बसते मध्ये. एकदाच, टेबलावर बसून."

मी हो म्हणाले. पुढच्या गुरुवारी खराडीला भावाकडे वास्तुशांत होती. खरी होती या वेळी, पण टाळता आली असती. त्याच्या पुढच्या गुरुवारी मला सर्दी होती. डायलिसिसच्या पेशंटजवळ सर्दी घेऊन जाऊ नये, हे कारण तर कमललाही मान्य झालं. "बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'ला मी घाबरायला हवं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी पहाटे ती गेली.

मला तिची फार आठवण येते. वर्तमानपत्रात काही वाचलं की तिला फोन करावासा वाटतो, हात मोबाइलकडे जातोसुद्धा. मला वाटेल तसं बोलू न देणारं माणूस या शहरात आता कुणी राहिलेलं नाही. सगळे माझ्याशी गोड बोलतात, वयाचा मान ठेवतात, आणि मी एकटी पडत जाते... त्या दोन गुरुवारांपैकी एक मला परत मिळाला तर तिला फक्त आडव्या बाजूला बसलेलं बघायचं आहे. काही बोलली नाही तरी चालेल.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीच्या विधीच्या दिवशी छायानं आणि दोन जुन्या मुलींनी ब्यूरो चालू ठेवायचं ठरवलं. त्यानंतरच्या गुरुवारी मी गेले. टेबलाशी बसले आणि छायाला समोर बसायला सांगितलं. आडवी खुर्ची रिकामी होती. मी सांगितलं. जिना, पिशवी, वहिनी, भावाची थाप, सगळं. छाया माझ्याकडे बघत होती, तशीच, सरळ. "काम गेल्याचं एवढं नव्हतं, बाई," ती म्हणाली. "देसाई आजी रोज माझ्याच हातानं केस विंचरून घ्यायच्या. सोमवारी मी वर गेले नाही तेव्हा त्यांना कुणी काय सांगितलं, तेवढं मला कधी कळलं नाही. तीन महिन्यांनी त्या वारल्या. त्यांना वाटलं असेल, न सांगताच गेली."  तिनं माझ्याकडून उत्तर मागितलं नाही. उठून चहा टाकला.

कमलची एक रीत सांगायची राहिली. शुश्रूषेला आलेल्या माणसाची परीक्षा ती बोलून घेत नसे. आतल्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर स्वतः आडवी व्हायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, मी उठू शकत नाही, मला कुशीवर वळवा. नवख्या हातांत किती काळजी आहे, किती घाई आहे, ते तिला पाठीवर कळायचं. चहा होत होता तेवढ्यात दारात एक बाई आली, पन्नाशीची, हातात पिशवी, काम मागायला. छायानं तिला आत घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुम्ही झोपता का कॉटवर? माझी पाठ धरलीय." मी झोपले. उशीला अजून बामचा वास होता. त्या बाईनं काय केलं होतं, कुठून आली होती, काहीच केलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. तो प्रश्न शेवटी विचारायचा होता. तिचा एक हात माझ्या खांद्याखाली आला, दुसरा कमरेखाली. मी लाकडासारखी ताठ झाले होते. छाया पायाशी उभी होती. "अंग सैल सोडा, बाई," ती म्हणाली. "तुम्ही ताठ राहिलात तर तिला वळवता येणार नाही."

मी डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं.