दुसरा बोल्ट

राज्य नवं झालं होतं आणि मी रायपूरलाच एका सरकारी कचेरीत नोकरीला लागले होते. दर रविवारी पहाटे चौबे कॉलोनीतून निघून आम्ही तिघं शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीवर चढायला जायचो. एक मी. दुसरे गुढियारीत राहणारे रेल्वेतले भैया. ते मूळचे आमच्याच वऱ्हाडाकडचे, आणि खाणीच्या भिंतीवर दोर अडकवायचे बहुतेक बोल्ट त्यांनीच हातोडीनं ठोकून बसवलेले. तिसरे कॉलेजात शिकवणारे सर, मराठी समजणारे पण हिंदीत बोलणारे.

खाणीची मधली भिंत सगळ्यांची लाडकी. डावीकडे, बाभळींच्या मागे तीन रूट, म्हणजे चढायच्या वाटा, होते, तिकडे कोणी फिरकत नसे. एकदा नागपूरची काही पोरं आली आणि विचारू लागली, "इथं आणखी काय आहे?" आम्हाला धड सांगता येईना. म्हणून ठरलं, तिघांनीही तिन्ही रूट चढायचे आणि एका वहीत खरं मत लिहायचं.

पहिल्या रूटबद्दल सरांनी लिहिलं, "मिट्टी बहुत है." दुसऱ्याबद्दल भैयांनी, "ठीक. परत जाणार नाही." तिसरा रूट भैयांनी स्वतः, एकट्यानं तयार केलेला. त्याखाली भैयांनी लिहिलं होतं, "सोपा," आणि सरांनी, "आसान."

मी चढले. पहिल्या बोल्टात दोर अडकवला, छोट्या कपारीवर उभी राहिले आणि दुसऱ्या बोल्टाकडे हात नेला. वीतभर कमी पडला. उंच माणसानं तिथूनच दोर अडकवला असता. मला मात्र आणखी दोन पावलं वर, घसरड्या दगडावर जावं लागणार होतं, आणि तिथून निसटले असते तर दोरानं थांबवायच्या आधी जमीन आली असती. मी तशीच उतरले आणि वहीत लिहिलं, "लांब हाताच्या माणसाला सोपा. मला धोक्याचा. दुसरा बोल्ट खाली पाहिजे."

भैयांनी उभ्या उभ्या वाचलं.

"सगळ्यायले सोपा वाटला, ताई. तुमालेच काहून नाही वाटला?"

"सगळे म्हणजे तुम्ही आणि सर. दोघंही ताडमाड."

"रूट तर रूट असते. हाइट पाहून थोडीच बनवते कोणी."

त्यांनी वही मिटली, मोटरसायकलला किक मारली आणि गेले. पुढचे दोन रविवार आले नाहीत.

सर मला म्हणाले, "काट दो ना. दो लाइन की तो बात है. भैया को बुरा लगा है."

मलाही वाईट वाटत होतं. दोर कसा बांधायचा हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण खोडलं नाही. माझ्याएवढ्या उंचीची कोणी आली आणि 'सोपा' वाचून चढली तर?

तिसऱ्या रविवारी आम्ही पोचलो तर भैया आधीच येऊन बसलेले. कड्याच्या माथ्यावरून दोन दोर सोडलेले. मला वाटलं, आता स्वतः चढून दाखवणार.

"बांधा दोर," ते म्हणाले. "कपारीवर उभ्या राहा आणि हात वर करा."

मी कपारीवर चढून हात वर केला. ते बाजूच्या दोरावर लटकत वर आले.

"इतकाच पुरते?"

"इतकाच."

माझ्या बोटांच्या जरा खाली त्यांनी खडूनं फुली मारली. मग दगड ठोकून, आवाज ऐकून जागा पक्की केली आणि छिन्नी-हातोडीनं भोक पाडायला घेतलं. ऊन चढलं, दगडाची पूड त्यांच्या भुवयांवर बसली.

"मी माझ्या हाताले पाहून ठोकला होता," मध्येच थांबून ते म्हणाले. "तवा इथं दुसरा हात होताच कोणाचा?"

मी म्हटलं, "भैया, तुमची चूक काढायची नव्हती."

"चूक तर होतीच. जरा सरका, पूड डोळ्यात जाईल."

पुढच्या आठवड्यात मी तो रूट पूर्ण चढले आणि खाली येऊन पंचाईत झाली. रूट मला आवडलाच नाही. वरचा अर्धा भाग भुसभुशीत, पकडी मातीनं भरलेल्या. ज्या माणसानं एवढं ऊन सोसलं त्याच्यासमोर काय लिहायचं? शेवटी खरं तेच लिहिलं, "बोल्ट आता योग्य. रूट साधारण."

भैयांनी वाचलं आणि मोठ्यानं हसले. "आता हे बी?" माझ्या हातातून पेन घेऊन त्यांनी खाली लिहिलं, "मलेही वरचा भाग पसंत नाही."

सरांचं मत सगळ्यात शेवटी आलं. बोल्ट खाली आल्यापासून मजा गेली, असं. त्यावरून आम्ही परतताना एका टपरीवर थांबून बराच वेळ भांडलो. चहाचे पैसे सरांनी दिले, मत मात्र बदललं नाही.