पऱ्हाटीनं बुजवलेली विहीर

शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोणी सरकवला यावरून दोन भावांत जुंपली, की अकोल्याच्या त्या अंगाच्या सात-आठ गावांत एकच नाव निघायचं. भगवंतरावांना बोलवा. मग भगवंतराव यायचे, धुऱ्यावर उकिडवे बसायचे, गवत चाचपत जुन्या खुणेचा दगड शोधून काढायचे आणि त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हा इथं होता." तिथं भांडण संपायचं. तलाठ्याचा नकाशा एक सांगत असला आणि भगवंतरावांचं बोट दुसरं, तर लोक बोटाचं ऐकत. माणूस हाडकुळा, बोलायला कंजूस. दुसऱ्याची वीतभर जमीन त्यांनी कधी आपल्यात ओढली नाही, हे अगदी खरं आहे. आणि याच माणसानं आपल्या जमिनीत काय पुरलंय ते अकरा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

अकोला वाढत वाढत त्यांच्या शेताशी येऊन भिडलं तेव्हा भगवंतरावांनी शेताचे प्लॉट पाडले. एकुलता मुलगा नितेश पुण्यात नोकरीला, तो काही नांगर धरणार नव्हता. वसाहतीला नाव दिलं बायकोचं, सुभद्रानगर. तोंडाशी लोखंडी पाटी लागली, तेव्हा सुभद्राबाई पदर सावरून तिच्याखाली उभ्या राहिल्या आणि लाजून म्हणाल्या, "अवो, लोक काय म्हनतीन!" नवऱ्यानं चाळीस वर्षांत केलेलं तेवढंच एक कौतुक. त्या दिवसभर हसत होत्या.

मोठ्या कडुलिंबाखाली एक जुनी विहीर होती, तिची मात्र अडचण झाली. चाळीस हात खोल, कठडा ढासळलेला, पाणी आटलेलं. विहिरीचा प्लॉट कोणी घेणार नाही, असं दलालानं बजावलं. विहीर नीट बुजवायची तर दगड हवा, मुरूम हवा, थरावर थर दाबायला हवा. भगवंतरावांना हे शिकवायची गरज नव्हती. पण घाई झाली होती आणि कपाशीचा हंगाम नुकताच उरकलेला. उपटलेल्या पऱ्हाटीचे, कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, ढीग आयते पडलेले. आठ दिवस बैलबंड्या भरभरून पऱ्हाटी त्या विहिरीत लोटली. वरून ट्रॅक्टरनं काळी माती पसरली, पाणी मारलं, वखर फिरवला. झालं सपाट! सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आजोबांच्या वेळेपासून कधी चढलीच नव्हती. घेणाऱ्यानं विचारलं, "इथं विहीर-बिहीर नव्हती ना?" धुऱ्यावर बोट ठेवणारा माणूस म्हणाला, "नाही." घरी सुभद्राबाईंनी विचारलं, "विहिरीचं सांगतलं ना त्याहिले?" त्यांना तो म्हणाला, "सांगतलं." एका दुपारी दोन खोटी, आणि दोन्ही एकेका शब्दाची.

तो प्लॉट वर्षानुवर्षं तसाच पडून होता, तोवर काही बिघडलं नाही. यंदा तो एका संस्थेनं शाळेसाठी घेतला आणि सुभद्रानगर पेटून उठलं. मारुतीच्या सभामंडपात बैठक बसली. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले खुशालराव अर्ज लिहिण्यात पटाईत, त्यांनी कागद पुढं ओढला आणि जो तो आपलं गाऱ्हाणं सांगू लागला. ऑटोवाले दारं अडवतील. घंटेनं लेकरू उठेल. धुळीनं गच्चीवरच्या कुरडया खराब होतील. पोरं खिडकीतून घरात पाहतील, हा मुद्दा रागिणीवहिनींचा. त्यांच्या घरात पाहण्यासारखं काय आहे, हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. अर्ज तयार झाल्यावर खुशालराव म्हणाले, "पयली सही मालकाची. भगवंतराव, जमीन तुमची होती, तुमच्या सहीले वजन हाये."

भगवंतरावांनी पहिली सही ठोकली. आपल्याला घंटेचा त्रास नाही, कुरडयांचं सोयरसुतक नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कुणाच्या का कारणानं होईना, शाळा इथून गेली की तोंड उघडायची पाळी येणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब. शेजाऱ्यांच्या तक्रारी क्षुल्लक का असेनात, त्यांच्या स्वतःच्या तरी होत्या. यांनी तर त्या पांघरायला घेतल्या होत्या.

शाळेच्या बांधकामावर आकांक्षा नावाची तरुण इंजिनिअर होती, अकोल्याच्याच जठारपेठेतली. ती पोरगी अर्ज घेऊन स्वतः आली, एकेक मुद्दा वाचून उत्तरं देऊ लागली. ऑटोसाठी फाटक मागल्या रस्त्याला काढू, खिडक्या उंचावर घेऊ. गाडी अशी मार्गी लागलेली पाहून भगवंतराव एकदम बोलून गेले, "त्या निंबाखाली पानी साचते. गुडघा-गुडघा. तिथं शाळा नोका बांधू." आकांक्षानं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात पाऊस दणकून झाला, ती सकाळीच येऊन कडुलिंबाखाली उभी राहिली आणि कोरड्या पायांनीच परत गेली. जाताना ओट्यावर बसलेल्या भगवंतरावांना म्हणाली, "काका, पाणी तर कुठंच नाही." एवढंच. भगवंतरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी जमिनीबद्दल सांगितलेली गोष्ट कोणीतरी तपासून खोटी ठरवली होती.

मग फाटकाशी शाळेच्या चित्राचा फलक लागला. इमारत एका बाजूला होती आणि कडुलिंब राखला होता. संस्थेनं मोठ्या प्रेमानं त्याच्या सावलीत प्रार्थनेचं मैदान काढलं होतं. चित्रात निळ्या गणवेशातली लेकरं हात जोडून रांगेत उभी, आणि पहिली रांग निंबापासून पाच पावलांवर, नेमकी विहिरीवर. इमारतीसाठी खोल खड्डे खणले असते तर विहीर आपोआप सापडली असती. मैदानासाठी कोण खणतो? नुसती फरशी घालतात. भगवंतराव त्या फलकापुढं किती वेळ उभे होते, त्यांनाच कळलं नाही. अकरा पावसाळ्यांत पऱ्हाटीचं काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कुजते, बसते, आणि खाली पोकळी राहते.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. सुभद्राबाईंनी विचारलं, "काहून जेवत नाई? काही दुखते काय?" त्यांनी मान हलवली. दुखत होतं ते दाखवता येण्यासारखं नव्हतं. या बाईला आपण खोटं सांगितलं, याची लाज त्यांना बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटत होती, आणि म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.

रविवारी सकाळी आकांक्षानं सगळ्यांना प्लॉटवर बोलावलं. अर्धं सुभद्रानगर जमलं. जेसीबी कडेला उभं होतं, सोमवारी मैदान सपाट करायचं होतं. "अजून कोणाला काही सांगायचंय?" तिनं विचारलं. भगवंतराव पुढं झाले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "इथं विहीर हाये. चाळीस हात. मीनं बुजवली, पऱ्हाटी टाकून. खाली पोकळ हाये."

मग खुशालराव जवळ सरकले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून कानात म्हणाले, "वा रे वा! काय मुद्दा काढला! आधी काहून नाई सुचला? आता पाहा कशी शाळा हालते ते."

"मुद्दा नाई बापा, खरं हाये."

"हो हो, खरंच म्हनाचं," खुशालराव डोळा मारून म्हणाले.

आकांक्षाच्या चेहऱ्यावर मात्र शीण दिसत होता. "काका, मागच्या महिन्यात तुम्ही गुडघाभर पाणी साचते म्हणाले होते. कागदावर विहीर नाही. जमीन विकताना नव्हती. आणि आता अर्जातला एकेक मुद्दा सुटत चालला, तेव्हा विहीर निघाली? मी कशावर विश्वास ठेवू?"

तिचं काय चुकलं? ज्यांच्या बोटावर सात गावं विसंबत, त्यांचं बोट आता निंबाकडं होतं आणि कोणी तिकडं बघतही नव्हतं. शेजारी गालात हसत होते. आपला माणूस आपल्यासाठी किती छान खोटं बोलतोय, याचं कौतुक त्यांच्या डोळ्यांत होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात गर्दीतून सुभद्राबाई पुढं आल्या. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. निंबाच्या खोडाला पाठ लावून उगवतीकडं तोंड केलं आणि पाच पावलं मोजली. "इथं," त्या आकांक्षाला म्हणाल्या. "नितेश सव्वा महिन्याचा झाला तवा मी इथं विहीर पूजली. हयद-कुकू वायलं, ओटी भरली. ह्याच जाग्यावर, बाई. खनून पाहा."

आकांक्षानं त्यांच्याकडं पाहिलं आणि जेसीबीवाल्याला हात केला. पहिले चार घास काळ्या मातीचे निघाले. पाचव्याला दातांत काड्या आल्या, कुजून काळ्या पडलेल्या, आणि आंबूस वास सुटला. सहाव्याला माती वर येण्याऐवजी खाली गेली. थाळीएवढं भोक पडलं, बघता बघता बैलगाडीच्या चाकाएवढं झालं, आणि आत खोलवर काहीतरी धपकन पडल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

"मागं घ्या! सगळे मागं व्हा!" आकांक्षा ओरडली. खुशालरावांचं हसू कुठच्या कुठं गेलं. रागिणीवहिनींचा हात तोंडावर गेला. त्यांचीच नात पुढच्या वर्षी पहिलीत जायची होती.

सगळं शांत झाल्यावर आकांक्षानं वही उघडली. आधी विहीर दगड-मुरमानं भरून घेऊ, काम लांबेल, पण शाळा इथंच होईल, असं तिनं सांगितलं. मग ती लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली, "एका जागरूक नागरिकानं दिलेल्या माहितीवरून..."

"तसं नोका लिहू," भगवंतराव म्हणाले. "माह्यं नाव लिहा. विहीर कोनं बुजवली, कशानं बुजवली, आन अकरा वर्सं कोन मुकाट बसलं, तेई लिहा."

तिनं वर पाहिलं. "काका, एवढी वर्षं का नाही सांगितलं?"

"लाज वाटे. मंग जसजशी सालं गेली तसतशी जास्त वाटे."

घरी परतताना सुभद्राबाई चार पावलं पुढं चालल्या होत्या. वसाहतीच्या तोंडाशी त्या थांबल्या. "मले सांगतलं म्हनले होते तुमी," त्या वर बघत म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्या पाटीवरचं माह्यं नाव तेवढं पुसून टाका." आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाले आणि भाजीवाले यायच्या वेळी, भगवंतराव पाटीखाली स्टूल टाकून चढले. हातात पत्रा घासायचा कागद. येणारा-जाणारा थांबायचा. "काहून पुसून राह्यले, भाऊ?" प्रत्येकाला ते काम थांबवून, तोंडाकडं पाहून सांगायचे, पऱ्हाटीपासून सगळं. दूधवाल्याला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं. मूर्तिजापूरहून लेकीकडं आलेल्या, विचारून पस्तावलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्यालाही सांगितलं. सांगताना दर वेळी कान तापायचे. दहाव्यांदाही लाज पहिल्याइतकीच वाटली, पण सांगणं त्यांनी सोडलं नाही.

नऊच्या सुमारास पाटीवर नुसतं 'नगर' राहिलं होतं. स्टूल डुगडुगत होतं. तेवढ्यात ते एकदम स्थिर झालं. भगवंतरावांनी खाली पाहिलं. सुभद्राबाईंनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं. मान खाली होती, चेहरा दिसत नव्हता.

"उतरा आता," त्या म्हणाल्या. "पडसान."